थेंबताई आणि गडद गुलाबी चंबू

त्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एकच लांबट खोली. तराजू एक, त्याच्यासाठी रांग. तिथे तीस वर्षं बाटल्या भरणाऱ्या, काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे थेंबताई म्हणतात. कोणी ब्युरेटची, म्हणजे थेंब सोडायच्या काचनळीची, तोटी जरा जास्त उघडली की मागून त्यांचा आवाज येतो, "थेंब थेंब, बाळा. अंगण धुवायचं नाहीये आपल्याला."

माझा भाचा तिथे गेला तो हिरमुसून. आधी तो मोठ्या विद्यापीठात होता, आणि तिथे जा म्हणून मीच त्याच्या आईच्या मागे लागलो होतो. तिथल्या चार मजली ग्रंथालयाने मला भुरळ घातली होती. लेखी परीक्षेत तो पहिल्या दहांत असे आणि प्रात्यक्षिकात दोन्ही वर्षं नापास. एका बॅचला साठ मुलं. तपासणाऱ्यांनी आकडे पाहिले आणि जर्नलवर शेरा मारला, 'निष्काळजी'. शेवटी मेहुण्यांनी निक्षून सांगितलं, "या वर्षी प्रात्यक्षिक निघालं नाही तर शास्त्र पुरे. मुकाट्याने फर्निचरच्या दुकानात बसायचं."

नव्या वर्गात तो धरून अकरा मुलं होती. पहिला प्रयोग साधा होता. आम्लात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, वरून ब्युरेटमधून अल्कली सोडत जायचं आणि चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं, की त्या थेंबाला थांबायचं. तास संपल्यावर थेंबताई चंबू धुवायला बसल्या. दहा चंबूंत गुलाबी रंगाची नुसती झाक होती. अकराव्यात सरबतासारखा गडद रंग. पुढच्या आठवड्यातही तसंच. चंबू कोणाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

तिसऱ्या वेळी त्या त्याच्या शेजारीच उभ्या राहिल्या. मुलगा घाई करत नव्हता. श्वास रोखून, एकेक थेंब मोजून सोडत होता. पाणी गुलाबी झालं, तरी सोडतच राहिला.

"रंग आला का रे?"

"अजून नाही, ताई."

बाकीची मुलं गेल्यावर त्यांनी त्याच्यापुढे दोन चंबू ठेवले. "यातलं कोरं पाणी कुठलं, सांग बरं."

त्याने दोन्ही उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि फिकट गुलाबी चंबूवर बोट ठेवलं.

"तुला हा रंग दिसत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"मला वाटायचं, सगळ्यांनाच इतकं अवघड जातं."

थेंबताई त्याला तशाच शेजारच्या खोलीत रसायनशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेल्या. सर चहा पीत होते. ऐकल्यावर कप तसाच ठेवून त्यांनी कपाट उघडलं आणि दुसरी बाटली काढली. त्यातलं औषध वापरलं की पाणी गुलाबी न होता निळं होतं. निळा त्याला चटकन दिसला. संध्याकाळच्या आत डॉक्टरांचा दाखला, सरांचा अर्ज आणि प्राचार्यांची सही, तिन्ही झालं. प्राचार्यांना मुलगा कोण हे विचारायची गरज पडली नाही. सकाळीच त्यांनी त्याला केस कापायला सांगितलं होतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते भाच्याच्या आधीच्याच विद्यापीठातले. निळा चंबू पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय चाललंय?"

सरांनी कागद पुढे केले. परीक्षकांनी ते वाचले, पण समाधान झालेलं दिसेना. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तोच प्रयोग गुलाबी रंगाने स्वतः करून पाहिला. भाचा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या आणि परीक्षकांच्या आकड्यात एका थेंबाचा फरक निघाला.

"आमच्याकडे होतास का तू?" त्यांनी विचारलं.

"हो सर, दोन वर्षं."

परीक्षकांनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा एकदा वाचला. मग खाली वाकून त्यांनी गुण लिहिले.

निकाल लागला त्या दुपारी माझी बहीण थेंबताईंना भेटायला कॉलेजात गेली. तिचे डोळे भरून आले. थेंबताईंनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पास झाला, चांगलंच झालं. पण पिपेटची नळी धरताना हात थरथरतो अजून त्याचा. सुट्टीत रोज सकाळी तासभर पाठवून द्या त्याला माझ्याकडे."