कुरकुर न करणारी धार

तो मलकापूरच्या भांडे गल्लीत चाकू विकतो. माझी खानावळ असल्यामुळे वर्षातून दोन-तीनदा त्याच्याकडे जाणं होतं. "कंपनीतून चमक येते, ताई. धार आली का नाही, ते कागदाले इचारा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग तो वर्तमानपत्राचा कागद हवेत धरतो, डोळे मिटतो, कान देतो आणि नवा चाकू न दाबता वरून खाली ओढतो. चांगली धार कुरकुरत नाही. कागदाचे दोन तुकडे होतात आणि वाटतं, ते आधीपासून वेगळेच होते. तेवढा वेळ सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी गप्प होते. मला कामं असतात, तरी मी थांबते.

परवा चाकू मध्येच अडखळला आणि कागद टरटरत फाटला. तो मिटल्या डोळ्यांनी हसला. "पाह्यलं? कुरकुर नाही का काही नाही."

"फाटला ना हो दादा!" मी म्हटलं. मग तेच मोठ्यानं म्हटलं.

त्यानं डोळे उघडले आणि कागदाच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवलं. तो चाकू बाजूला ठेवून दुसरा काढला.

"मी ओढतो, ताई. आयका तुम्ही."

या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.