दाराच्या दांड्या

मला एका जागी बसता येत नाही. जेवताना दोनदा उठते, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. मला बसवून ठेवणारी कामं दोनच: लोकांचे दात आणि रेल्वेचे डबे. हे डबे खेळण्यातले नव्हेत. खऱ्या डब्याची वीतभर लांबीची प्रतिकृती असते. सुटे भाग पाकिटातून येतात, ते जोडायचे, रंगवायचे, खिडक्यांना गज लावायचे, संडासाच्या काचा पॉलिश पेपरनं घासून आंधळ्या करायच्या. लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद होता तेव्हा हे वेड लागलं. दवाखान्यातून बाद केलेले चिमटे आणि बारीक ड्रिल घरी आणली आणि कसबा बावड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलाची जी वाट लागली ती लागलीच.

नवऱ्याचा ऊस आणि म्हशी. त्याला हा प्रकार कधीच पटला नाही. "पैसं देऊन तुकडं आणायचं आणि परत आपणच जोडायचं. तयार मिळत न्हाय व्हय?" असं तो पहिल्या डब्याला म्हणाला आणि नंतर प्रत्येक डब्याला म्हणत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर एका डब्याच्या दाराला दांडी लावत होते. डब्यात चढताना आपण जिला धरतो ती दांडी. केसापेक्षा जराशी जाड तार दोन्ही टोकांना वाकवायची आणि टोकं दोन भोकांत बसवायची. तारेचं टोक भोकाच्या भोवती फिरायला लागलं, आत काही जाईना. मी कॉफीला दोष दिला. मग चष्मा बदलला. मग एक दिवस दवाखान्यात माझ्या हातातला आरसा पेशंटच्या दाताला किणकिणताना ऐकला.

तपासण्या झाल्या. आजार मोठा नाही, पण हाताचा कंप जाणार नाही, हळूहळू वाढेल, असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, दात काढू शकते का? ते म्हणाले, ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल. माझं डोकंच फिरलं. ठरवता आलं असतं तर यांच्याकडे कशाला आले असते?

तेव्हापासून अवघड कामं मी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर मुलीकडे सरकवायला लागले. कधी पाठ दुखते म्हणायची, कधी बाहेर जायचंय. खरं कारण नवरा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पण कबनूरच्या एक मावशी सरकेनात. त्यांच्या घरात यंत्रमाग आहेत. आयुष्यभर त्या खडखडाटाच्या वर बोलल्यामुळे त्या खुर्चीत बसल्या की बाहेरच्या पेशंटनाही त्यांची दाढ कुठली ते कळतं. अक्कलदाढ आडवी, खाली नस. सोमवारी काढायची ठरली होती.

"नव्या डॉक्टर काढतील, त्यांचा हात चांगला आहे," मी म्हटलं.

"न्हाय. तुम्ही काढणार असला तर काढा, न्हायतर राहू दे दुखत," मावशी म्हणाल्या.

मग मी स्वतःशीच एक पैज लावली. रविवारी निळ्या स्लीपर डब्याच्या चारही दारांच्या दांड्या बसवायच्या. बसल्या, तर सोमवारची दाढ माझी.

सकाळी नवरा दूध घालायला गेला आणि मी बसले. उठले, गॅस बघितला. बसले. उठले, पंखा बंद केला, कारण तार उडत होती. मनगट टेबलाला दाबून धरलं, श्वास रोखला. तार सुटली. दुसरी वाकवली. तिचं टोक घसरून निळ्या रंगावर ओरखडा गेला, तो पुसून पुन्हा रंग लावला. गोंदाचा थेंब भलतीकडे पडला, तो खरवडला. जेवायचं विसरले. दुपार कलताना शेवटची दांडी आत गेली. डबा खिडकीपाशी नेऊन डोळ्यासमोर धरला. सगळ्या दांड्या सरळ होत्या. इतका आनंद झाला की मी नवऱ्याला ओरडून हाक मारली.

तो अनवाणी आला आणि दारातच एका पायावर उभा राहिला. टाचेतून तारेचा तुकडा उपसून त्यानं टेबलावर ठेवला. मग वाकून खुर्चीखालचे बाकीचे तुकडे वेचायला लागला. वेचतच राहिला. मूठ उघडली तेव्हा त्यात वाकड्या तारांचा पुंजका होता.

"डबा झ्याक झालाय," तो म्हणाला. "पर ह्या किती गं वाया गेल्या?"

"त्यात काय झालं? परत लावता येतात."

"लावता येत्यात की. डबा वरडतोय व्हय, माणसागत?"

मी भांडले. तुम्हाला यातलं काय कळतं, असंही म्हणाले. भांडी आपटली, अंगणात चार फेऱ्या मारल्या. तो टाच चोळत बसला, त्याचा जास्त राग आला. राग उतरायच्या आत मी मावशींना फोन लावला, कारण उतरल्यावर लावला नसता.

पलीकडे माग चालू होते.

"मावशी, माझा हात कापतो."

"काय?"

"हात कापतो माझा!" मी अंगणात उभी राहून ओरडले. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी वळून पाहिलं.

"थांबा, काय बी ऐकू येईना," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी कुणाला तरी माग बंद करायला लावले. एकेक करत खडखडाट थांबला. "हां, सांगा आता."

तिसऱ्यांदा ओरडायचं कारण उरलं नव्हतं. साध्या आवाजात सांगितलं.

मावशींनी विचारलं, "मग ती पोरगी काढताना तुम्ही काय करणार?"

"शेजारी उभी राहून बघेन."

"नुसतं बघू नका. मला भ्या वाटतंय. हात धरून बसा माझा."

सोमवारी मी माझ्याच दवाखान्यात खुर्चीच्या भलत्या बाजूला स्टुलावर बसले. मावशींनी माझा उजवा हात मुठीत घट्ट आवळला. मुलगी हळूहळू काम करत होती, माझ्यापेक्षा हळू. "आणखी जरा मागून," असं माझ्या तोंडून निघालं. तिनं ऐकलं नाही आणि तिचंच बरोबर होतं. तिच्या हातातला चिमटा हिसकावून घ्यावासा वाटत होता. मी उठलेही असते, पण मावशी हात सोडेनात.