दत्ताची नोकरी आणि लोणीच्या लग्नातला माईक

माझ्या मुलाची नोकरी गेली तेव्हा मी अवघी एकोणसाठ वर्षांची होते, त्यामुळे अक्कल अजून यायची होती.

दत्ता चाकणला एका कंपनीत मशीन दुरुस्तीला होता. बारा वर्षं पेठहून मोटारसायकलवर गेला आणि आला. एके दिवशी कंपनीनं सांगितलं, आम्ही दुसरीकडं चाललो, तुम्ही घरी जा. तो घरी आला, हातपाय धुतले, चहा प्याला आणि म्हणाला, "आई, सुरतचा मित्र बोलावतोय. होळीपर्यंत हितं काम मिळालं तर ठीक, नाय तर आमी तिघं तिकडं."

तिघं म्हणजे तो, माझी सून मनीषा आणि सात वर्षांची नात पूर्वा. मला त्यात धरलंच नव्हतं! (गुजरातचं गोड वरण आपल्याला चालत नाही, हे मीच चार पाहुण्यांत मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. तोंड, दुसरं काय!)

खरं सांगते, दत्ता गेला असता तर मी सोसलं असतं. मनीषा गेली असती तर जरा जास्त सोसलं असतं, कारण भाकरी ती थापते. पण पूर्वा? शेजारणींच्या नकला मी करायच्या आणि खदखदून हसायला घरात कुणी नाही? मग जगायचं कशाला!

मनीषा शिकलेली. तिनं दत्ताला कामाला लावलं, म्हणजे काम शोधायच्या कामाला. सकाळी दहाच्या आत आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, मग मोबाईलवर अर्ज. कुठं अर्ज केला, कुणाला फोन केला, ते वहीत लिहायचं. आठवड्यातून दोनदा कागद घेऊन कंपन्यांच्या गेटवर जायचं. मधल्या वेळात मिळेल ती मोटर, मिळेल तो पंप दुरुस्त करायचा, हाताची सवय मोडू द्यायची नाही. "आन् वळखीच्या परत्येकाला सांगायचं," ती म्हणायची, "लाजायचं नाय. लई कामं तोंडातोंडीच मिळत्यात."

बाकीचं दत्ता नेमानं करायचा. या शेवटच्या कलमाला मात्र त्याची मान खाली. सासऱ्यांना तर त्यानं सांगितलं होतं की रजा काढलीय. दोन महिन्यांची रजा! आमचे व्याही आणे गावचे, सरळ माणूस. त्यांनी मानलं.

मी मनात म्हटलं, सांगायचंच आहे तर एकेकाच्या दारात कशाला जायचं? दोन हजार माणसांना एकदमच सांगू की!

दोन हजार माणसं मिळणार होती लोणीला, माझ्या मावसबहिणीच्या नातीच्या लग्नात. आमच्याकडच्या लग्नात नवरानवरीपेक्षा निवेदक मोठा. बारा पस्तीसचा मुहूर्त पत्रिकेवर असतो, आणि एक वाजेपर्यंत हा माईकवर स्वागत करत असतो. सरपंच आले, माजी सरपंच आले, पुढच्या वेळी होणार म्हणणारे सरपंच आले! ज्याचं नाव राहिलं तो न जेवता जातो आणि दहा वर्षं बोलत नाही. म्हणून निवेदक हातात आलेली चिठ्ठी आधी मोठ्यानं वाचतो आणि विचार मागाहून करतो.

ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी मी चिठ्ठी लिहिली. (एकोणसाठ! सांगितलं ना.)

"दत्तात्रय, मुक्काम पेठ. मशीन दुरुस्तीचा बारा वर्षांचा अनुभव. दोन महिन्यांपासून घरीच आहे. निर्व्यसनी. काम पाहिजे." एवढंच. चिठ्ठी निवेदकाच्या हातात कोंबून मी बायकांत जाऊन साळसूद बसले.

निवेदकानं घसा साफ केला. "आपल्या विवाह सोहळ्यास पेठ गावचे सुप्रसिद्ध, सन्माननीय दत्तात्रयशेठ यांचं शुभागमन झालेलं आहे! मशीन दुरुस्तीतला बारा वर्षांचा दांडगा अनुभव! गेले दोन महिने घरीच असलेले... निर्व्यसनी... काम... काम पाहिजे असलेले दत्तात्रयशेठ, त्यांनी वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी व्यासपीठावर यावं, ही नम्र विनंती!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. दत्ता पाण्याच्या जारपाशी उभा होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी पदरानं घाम पुसायला लागले. थंडीचे दिवस होते.

दोघांनी धरून त्याला वर नेलं. फेटा बांधला, शाल टाकली, नारळ दिला. पुढच्या खुर्चीत आमचे व्याही बसलेले. ते उठून उभे राहिले.

"जावईबापू! तुमी तर रजेवर व्हता ना?"

माझ्या शेजारी मनीषा होती. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली. "आत्या, चिठ्ठी कुणाची व्हती?"

"मला काय ठाव? हितं काय कमी लोकं लिव्हत्यात?"

"निर्व्यसनी हा शब्द आपल्या घरात तुमीच वापरता."

तेवढ्यात दत्तानं निवेदकाच्या हातातून माईक घेतला. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर मला आई म्हणायचं सोडणार! पण तो व्याह्यांकडं बघून म्हणाला, "मामा, रजा नव्हती. कंपनी गेली, नोकरी गेली. सांगायची लाज वाटली. आता सगळ्यांनाच कळलंय, तर सांगतो. काम शोधतोय. कंप्रेसर, मोटर, पॅनेल, सगळं येतं."

व्याही दोन पावलं पुढं आले. ते म्हणाले, "आवं, मग आधी सांगायचं ना राव! मी चार जणांना इचारलं असतं!"

इथं प्रकरण मिटलं असतं. पण निवेदकाच्या हातात नव्या चिठ्ठ्या यायला लागल्या होत्या!

"वडगावच्या एक ताई, ब्लाऊज, ड्रेस, फॉल पिको, घरी शिवून देतात!... जेसीबी चालवणारा तरुण, लायसन चालू!... पोल्ट्रीवर दोन माणसं पाहिजेत, राहायची सोय आहे!... साडीच्या दुकानात बाई पाहिजे, बोलकी असावी!"

नवरीचा बाप, सुभाष, माझ्याकडं धावत आला. "मावशी, तुजं काय चाललंय? एक वाजून वीस मिनिटं झाली! भटजी निघाला!"

"आरं, मी काय केलं? त्या माणसाला थांबव की!"

"थांबत नाय! त्याचा भाचा बी मोकळाच हाये, त्याचं नाव आत्ता घेतलं त्यानं!"

आणि मग कळस झाला. अंतरपाट धरायच्या आधी नवरीनंच करवलीच्या हाती एक चिठ्ठी पाठवली. निवेदकानं सवयीनं वाचली: "चि. सौ. कां. वधू, बी.कॉम., टॅली येतं, लग्नानंतर नोकरी करण्याची इच्छा आहे." नवरीच्या सासूचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही! (पण आज ती पोरगी मंचरला नोकरीला आहे आणि सासू सगळ्यांना सांगते, मीच पाठवली.)

मंगलाष्टका पावणेदोनला झाल्या. पंगतीत दत्ता माझ्यापासून तीन पानं लांब बसला. मीही मठ्ठ्यात बघत जेवत होते. तेवढ्यात पांढऱ्या टोपीचे एक म्हातारबाबा त्याच्यासमोर येऊन थांबले. ते बबनशेठ, पेठच्या पुढं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज असलेले. त्यांचं स्वतःचं नाव काही माईकवर आलंच नव्हतं, तरी जेवले होते!

"पावणं, कंप्रेसर येतो म्हणालात?"

"व्हय."

"माझ्या आधीच्या मिस्त्रीनं कंप्रेसर बंद पडल्याचं तीन दिवस लपवलं. भीतीनं. माझ्या बटाट्याला मोड आले! मला कारागीर लई मिळत्यात. बिघडलं तर तोंडावर सांगणारा मिळत नाय. दोन हजार माणसांत सासऱ्याला खरं सांगणारा मला काय लपवणार? उद्या या. मशीन बघा, चार दिवस करून दाखवा, मग बोलू."

चार दिवसांनी दत्ता कायम झाला. पेठमध्येच राहून! सुरतचा बेत रद्द. पूर्वानं अंगणात तीन उड्या मारल्या, मी दोन मारल्या. तिसरीला गुडघा आडवा आला.

आठवडाभर मी गावात अशी फिरले की जणू कोल्ड स्टोरेजही मीच बांधलंय. दिसेल त्याला सांगत होते, "नोकरी अशी शोधायची असती!" मनीषाच्या वहीतले दोन महिन्यांचे अर्ज, गेटवरच्या चकरा, हे सगळं मी खुशाल विसरले. (तिनं मात्र एकदा शांतपणे विचारलं, "आत्या, त्याला कंप्रेसर आला नसता तर माईक काय उपयोगाचा?" मी पाणी तापवायला उठले.)

बबनशेठना माझं कौतुक वाटलं. म्हणाले, "आजीला बी आणा, बटाटे निवडायला बायका लागत्यात." म्हणजे मलाही नोकरी! आयुष्यातली पहिली, तीही न मागता. पिशवीत डबा घालून, चष्मा पुसून मी तोऱ्यात निघाले.

पाचव्या दिवशी दत्ता शेडमध्ये आला. मान पुन्हा खाली.

"आई, शेठनं निरोप दिलाय. तू बोलायला लागलीस की बायकांचे हात थांबत्यात. चार दिवसात निम्मा माल बी निवडून झाला नाय. उद्यापासून... घरीच थांब."

दोन महिने जीव टाकून पोराला नोकरीला लावला, आणि त्या नोकरीत त्यानं पहिलं मोठं काम कुठलं केलं, तर आईला कामावरून काढलं!