नातीचं नाजूक पोट

मंडळाच्या बायांनो, मले अक्षर येत नाई, म्हणून मी सांगून राह्यली अन् नात आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिहून राह्यली.

आज शाळेत पालकांच्या सभेत मास्तरीणबाईनं सांगितलं, शनिवारी पोरांचं गिरडच्या टेकडीवर वनभोजन आहे. सगळ्या घरचं पीठ एकत्र करायचं अन् भाकरी तिथंच भाजायच्या.

मी चटकन म्हटलं, "बाई, आमच्या पोरीचं पोट नाजूक आहे. तिचा डबा घरूनच देतो."

पोट चांगलं धडधाकट आहे. दुसऱ्या जातीच्या घरचं पीठ मले नको होतं.

नातीच्या मैत्रिणीची माय मागंच बसली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, कालच तुमची नात माझ्या घरी झुणका-भाकर जेवली. रात्री काही त्रास तर नाई न झाला तिले?"

तुम्हा सगळ्यांची थट्टा करणारी मी, नातीचा हात धरून तिथून निघून आली. वाटेत नातीनं हात सोडवला अन् पुढं पुढं चालत राह्यली.

आता मी वनभोजनाचं पीठ घेऊन त्या मैत्रिणीच्या मायच्याच घरी जाऊन राह्यली. तिनं "बसा, जेवून जा" म्हटलं, तर जेवीन. पण बायांनो, तिनं म्हटलंच नाई, तर?