धूर लागला का वं?

"धूर लागला का वं?"

डोळे ओले दिसले की ती प्रत्येकीला हेच विचारायची. उत्तरासाठी थांबायची नाही. हातातला झारा चालूच असायचा.

धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत मी शिक्षिका होते आणि ती आमची स्वयंपाकीण. सगळ्यांची मावशी. शाळा उघडली की नव्या मुली घरच्या आठवणीने मुसमुसत. आम्ही त्यांना समजावून समजावून दमायचो. मावशी काहीच समजावत नसे. मुलगी चुलीपाशी येऊन बसली की तिचा तो प्रश्न, आणि मुलीची मान हलायची. मग रडा पोटभर, धुराने रडणारीला कोण काय विचारणार! मुलींना ही सोय लवकर कळली होती. मला कळायला दिवाळी यावी लागली.

त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा घुग्घुसचा, चार वर्षांची ओळख. "घरचे नाही म्हणतात," एवढंच फोनवर बोलला. चार वर्षं हे घरचे कुठे गेले होते कोण जाणे. सुट्या लागल्या, शाळा रिकामी झाली, आणि मी राजुऱ्याला घरी जायचं टाळून खोलीत पडून राहिले. घरी गेलं की विचारणारे विचारणारच. खरं सांगते, मला रडायचाही कंटाळा आला होता.

भाऊबीज झाली आणि मावशी दारात उभी.

"मॅडम, जेवल्या?"

"भूक नाही."

"भूक कोन विचारून राह्यलं? आमच्या गावात मंडई हाये. वडे तळाले मानूस पाह्यजे. चला."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, घरोघरी पाहुणे येतात, आणि जमलंच तर लग्नाची बोलणीही होतात. मावशी भावाकडे राहायची. तिथे अंगणातल्या चुलीपाशी बसून मी लाखोळीच्या डाळीचे वडे थापायला घेतले, कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून. तेवढ्यात एक म्हातारी समोर बसून मला न्याहाळू लागली.

"किती देव वं, पोरी?"

हा काय प्रश्न झाला? मी वैतागून म्हटलं, "तेहतीस कोटी."

अंगणातले सगळे हसत सुटले. मावशीचं गाव गोंडांचं, आणि गोंडांमध्ये घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात, कुणी सहा देवे, कुणी सात देवे. सोयरीक जुळवताना आधी तेच विचारतात. म्हातारीने मला नातवासाठी हेरलं होतं!

"दाखवाले नाई आनली तिले, वडे तळाले आनली," मावशी म्हणाली. "इतक्या देवायले पुरतील एवढे वडे कुठी हायेत?"

मीही हसले. दीड महिन्यात पहिल्यांदा. हसता हसता रडू कधी आलं ते कळलंच नाही.

"धूर लागला का वं?"

"हो."

"लागू दे. वडा पालट, जळते."

दुपारी पाहुण्यांत पिकल्या मिशांचा एक माणूस बायकोला घेऊन आला. मंडईत कुणाला दारातून परत पाठवत नाहीत. मावशीने दोघांना वाढलं, त्याला दोन वडे जास्त. चुलीपाशी परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. भावजय माझ्या कानाशी म्हणाली, "तिचा नवरा होय तो. दुसरी केली त्यानं. दरसाल येते मंडईले."

मी विचारलं, "मावशी, धूर लागला?"

"वीस वर्सं झाले. लागतेच."

"मग दरवर्षी हे वडे कशाला?"

"त्याच्यासाठी हायेत का ते? मले आवडतेत." तिने एक कढत वडा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतः खाल्ला, डोळे मिटून. माझा हात भाजला. पण वडा झकास होता, आणि मला चांगलीच भूक लागली होती.

पुढे माझी बदली झाली. गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. मला कळलं ते महिन्याभराने. जायलाही जमलं नाही.

यंदा दिवाळीला राजुऱ्याला लाखोळीचे वडे मीच तळले. आई शेजारी उभी होती.

"काय झालं वं?" तिने विचारलं.

"धूर लागला."

आईने विजेच्या शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वडा पालटला.