आत्याने सांगितलेला शेवट

माझी आत्या आठवड्यातून एकदा सिनेमा बघायची आणि दुसऱ्या दिवशी तो आम्हाला सांगायची. सातपाटीतल्या आमच्या आळीत बहुतेक बायकांनी त्या वर्षांत पाहिलेले सिनेमे हे असे, कानांनी पाहिलेले.

साठच्या दशकाचा मधला काळ. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरला बाहेरगावच्या कामगारांची वस्ती वाढत होती. आत्या मासळीची पाटी घेऊन तिथे जायची. गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता ती हिंदी शिकली. पाटी लवकर रिकामी झाली की परतताना पालघरला उतरायची, पत्र्याच्या थेटरात तीनचा खेळ बघायची आणि संध्याकाळच्या एसटीने घरी यायची. ती आमच्याकडेच राहायची. तिच्या नवऱ्याला समुद्राने नेलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी सुकवायच्या खळ्यात बायका जमत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. हात आपोआप चालत आणि कान आत्याकडे. नायिका रडली, असं ती कधी म्हणायची नाही. नायिकेने पदराचं टोक दातात धरलं आणि चुलीकडे तोंड केलं, असं सांगायची. रडण्याचं काम मग आम्ही करायचो.

त्या बायकांत आमच्या शेजारची काकी होती. नारळी पौर्णिमेनंतर गेलेली तिच्या नवऱ्याची होडी परत आली नव्हती. त्या होडीवरच्या बाकीच्या माणसांच्या घरांनी महिन्या-दोन महिन्यांत दिवस घातले, काकीने घातले नाहीत. रोज भरतीच्या वेळेला ती लहान मुलीला कडेवर घेऊन बंदरावर जाऊन बसायची. घरात त्याचं ताट वाढायची आणि स्वतः जेमतेम दोन घास खायची. वर्ष उलटलं, तेव्हा एके दिवशी तिने आपणहून माझ्या आईला सांगितलं, की आता दिवस घालू या. त्यानंतर ती हळूहळू खळ्यात येऊ लागली.

त्याच सुमारास आत्याने एक सिनेमा सांगितला. त्यातला नवरा बोटीवर नोकरीला जातो, बोट बुडते आणि बायको एकटी मुलाला वाढवते. शेवटी मुलगा मोठा होतो, आणि पहिल्या पगाराचं लुगडं आईच्या मांडीवर ठेवतो. आत्या थांबली. काकीने डोळे पुसले आणि पुढची जोडी बांबूवर टाकली. नंतर कितीतरी दिवस ती त्या बाईबद्दल विचारायची. ती कुठे कामाला गेली, मुलाला तापात कुणी सांभाळलं. आत्या सगळ्याची उत्तरं द्यायची.

पुढच्या वर्षी तोच सिनेमा पालघरला पुन्हा लागला. काकीला तो डोळ्यांनी बघायचा होता. आत्याने पुष्कळ मोडता घातला. पट्टी झिजलीय, मधेच तुटते, गाणी कापलीत, असं काय काय सांगितलं. काकीने ऐकलं नाही आणि मला सोबत घेतलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

सिनेमा आत्याने सांगितला तसाच चालला होता. मुलाने लुगडं आणलं, आणि दार वाजलं. दारात तो उभा होता, दाढी वाढलेला, जिवंत. थेटरातल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडले. तो प्रसंग सुंदरच घेतला होता. मग मला शेजारी कोण बसलंय ते आठवलं आणि काकीकडे बघायचा धीर होईना.

एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. सातपाटीच्या थांब्यावर आत्या आमची वाट बघत उभी होती. काकी खाली उतरली आणि तिच्यासमोर जाऊन म्हणाली, “बगितला सिनेमा. तू सांगितलास तोच चांगला हाय.”

आत्याने काकीच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी पुढे चालू लागल्या.

घरी आल्यावर मी आत्याला विचारलं, की तू शेवट का बदललास. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“ती नुकती पोटभर जेवाया लागली व्हती,” ती म्हणाली. “तो दारात आला असं सांगून तिला परत बंदरावर बसवू?”

मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, की माझ्या वेळेला मला अशा परत येण्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ होते.

काकी पुढे आत्याबरोबर बोईसरला पाटी घेऊन जाऊ लागली. तिची मुलगी शिकली आणि सफाळ्याच्या बाजूला शाळेत मास्तरीण झाली. मी आयुष्यात खूप सिनेमे पाहिले. एखादा चांगला की वाईट, यावर घरात वाद होतात, तेव्हा मी गप्प बसते. तो आपल्या शेजारी बसून कोण बघतंय, हे मला आधी कळावं लागतं.

आत्या थकल्यावर खळ्यात सिनेमा सांगायचं काम काकीने घेतलं. तिला ते मुळीच जमायचं नाही. ती शेवट सुरुवातीलाच सांगून टाकायची. कोण वाचतं, कोण जातं ते आधी कळलं म्हणजे बायकांच्या जिवाला घोर राहत नाही, असं तिचं म्हणणं. बायका कुरकुरत, आणि तरी शेवटपर्यंत ऐकत बसत.