दादांनी सबवूफर घेतला

माझे थोरले भाऊ, दादा, यांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवली. परवा नातीने त्यांचं जुनं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरवर लावलं आणि विचारलं, "आजोबा, यात तुम्ही कुठे आहात?" बासचे खर्जातले सूर त्या स्पीकरला पेलतच नव्हते; दादा खरंच कुठे ऐकू येत नव्हते.

ते तडक मला घेऊन दुकानात गेले. विक्रेता म्हणाला, "काका, तुमच्या वयाला हे दोन स्पीकर पुष्कळ झाले. खर्ज घुमवणारा हा सबवूफर म्हणजे पोरांचं खूळ."

"मग त्या खुळासकट ऐकव," दादा म्हणाले.

सबवूफर जोडताच त्याच गाण्याच्या तळाशी दादा घुमू लागले.

घरी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, खालचे लोक तक्रार करतील हो!"

"करू देत!" दादांनी आवाज वाढवला. "माझा आवाज फार येतो, अशी तक्रार जन्मात कोणी केलेली नाही."